आजी पळते, कंडक्टर तोडून बोलतो: कथा बदलू नका, आधी गेम दुरुस्त करा

तुम्ही चौघांनी विचारलेलं थोडक्यात असं: खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एक आजी डोळे दाखवायला एकटीच बेळगावला येते. बसस्थानकावर उतरते. पाट्या तिला वाचता येत नाहीत, ऐकू कमी येतं, आणि संध्याकाळची परतीची गाडी तिला गाठायची असते. पहिली दहा मिनिटं खेळणारा आजी असतो, पुढची दहा मिनिटं तोच दिवस तो कंडक्टरच्या जागी उभा राहून बघतो. गेम गोडो नावाच्या इंजिनात, म्हणजे गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, केलाय. कॉलेजच्या लॅबमध्ये नीट चालतो. फोनवर आणि ब्राउझरमध्ये मात्र अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, आजी पळते, संवाद मधूनच गायब होतात, सेव्ह करून परत आलं की नातू बोलायचाच थांबतो. आणि सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीय: लोक खेळतात, "बरा आहे" म्हणतात आणि फोन परत देतात. आजीबद्दल कुणालाच काही वाटत नाही. म्हणून कथाच बदलावी का, असं विचारताय.

कथेला हात लावू नका. मी तुमचा गेम आधी कामाच्या संगणकावर खेळलो, तेव्हा परतीच्या गाडीपाशी माझा घसा दाटून आला. त्याच रात्री बेळगावातल्या वडगावला घरी बसून फोनवर खेळलो, तर काहीच झालं नाही. कथा तीच, खेळणारा मीच. बदललं होतं फक्त हातातलं यंत्र.

नेहमीच्या गेममध्ये बग आला की खेळणाऱ्याला तो कळतो. गाडी भिंतीतून आरपार गेली की तो म्हणतो, गेम बिघडला. तुमच्या गेममध्ये तसं होत नाही. आजी झपाझप चालली तर त्याला वाटतं, आजी ठणठणीत आहे की. कंडक्टरचं वाक्य अर्ध्यात कापलं तर त्याला वाटतं, माणूस उर्मट आहे. बग त्याला दिसतच नाही, त्याला चुकीचा माणूस दिसतो. म्हणून दुरुस्तीचा क्रम मी असा लावेन: जी चूक एखाद्या पात्राबद्दल खोटं सांगते ती पहिली. गेम बंद पडणं, हळू लोड होणं हे सगळं त्यानंतर.

या हिशेबाने पहिला नंबर कंडक्टरचा. तुम्ही लिहिलंय, "सगळे म्हणतात कंडक्टर उद्धट वाटतो, त्याचे संवाद मऊ करू का?" मी तुमची संवादांची फाइल उघडून बघितली. आजी पायरीवर अडून उभी असते तेव्हा तो म्हणतो, "अज्जी, मुंदे होगी. स्टॉप बंदाग नाने हेळ्तेने." म्हणजे आजी, पुढे व्हा, स्टॉप आला की मीच सांगतो. यापेक्षा मऊ काय लिहिणार? पण फोनवर त्यातलं फक्त "अज्जी, मुंदे होगी" एवढंच दिसतं. कानडीत जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो, त्यामुळे कानडी फॉन्टची ओळ देवनागरीपेक्षा उंच असते. तुम्ही संवादाच्या चौकटीची उंची आजीच्या दोन मराठी ओळींवर बेतून पक्की करून टाकली. कानडीची दुसरी ओळ त्या चौकटीत मावत नाही, आणि लेबल, म्हणजे गोडोतला मजकूर दाखवणारा घटक, ती गुपचूप कापून टाकतं. वर कानडी आणि खाली मराठी अर्थ असा जिथे जिथे मजकूर आहे, तिथे तर अर्थाचा शेवटच गेलाय. खेळणाऱ्यापर्यंत पोचतो तो "पुढे व्हा" म्हणणारा माणूस. "मीच सांगतो" म्हणणारा माणूस चौकटीबाहेर राहिला.

उपाय सोपा आहे. उंची आकड्याने बांधू नका. रिच टेक्स्ट लेबल घ्या, त्याचं फिट कंटेंट चालू करा, ते एका कंटेनरमध्ये ठेवा आणि चौकट मजकुराबरोबर वाढू द्या. साधं लेबलच ठेवायचं असेल तर ऑटोरॅप (ओळ आपोआप मोडणं) चालू आणि क्लिप टेक्स्ट (न मावणारा मजकूर कापणं) बंद. मग फाइलीतलं सगळ्यात लांब कानडी वाक्य शोधा आणि ते सगळ्यात छोट्या पडद्यावर लावून बघा. तुमच्यापैकी कुणाला कानडी अस्खलित येत असेल, तर ही तपासणी त्याच्याकडेच द्या. अर्थ न कळणाऱ्याला कापलेलं वाक्य कापलेलं वाटत नाही.

आता गायब होणारे संवाद. याचं कारण शोधायला मला वेळ लागला, कारण माझ्या हातून ते होत नव्हतं. शेवटी शेजारच्या काकूंना फोन दिला. आमच्या गल्लीत अजून माग चालतात, काकूंचं आयुष्य मागावर गेलंय. त्या पडद्यावर बोट ठेवतात ते नीट, दाबून, आणि सावकाश उचलतात. मी त्यांच्या मागे उभा राहून बघत होतो. आजीने फलाटावरच्या एका पोराला विचारलं, "बाळ, ही गाडी खानापूरला जाती काय रे?" काकूंनी बोट टेकवलं, आणि पोराचं उत्तर न दिसताच पुढचं वाक्य आलं. काकू मला म्हणाल्या, "पोरगं उत्तरच देईना की तिला." त्यांना मनापासून वाईट वाटलं, पण भलत्याच कारणाने.

होतंय ते असं. गोडोच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये "इम्युलेट माउस फ्रॉम टच" मुळातच चालू असतं. म्हणजे फोनवर एक स्पर्श झाला की इंजिन एक टचचा इव्हेंट (काहीतरी घडल्याची खबर) देतं आणि त्याचाच एक नकली माउस क्लिकही देतं. तुमच्या कोडमध्ये दोन्ही ऐकले जातात: लॅपटॉपसाठी माउसचा, फोनसाठी टचचा. त्यामुळे फोनवर एका स्पर्शात संवाद दोन पावलं पुढे जातो. लॅपटॉपवर क्लिक एकच, म्हणून लॅबमध्ये हे कधी दिसलं नाही. मग माझ्या हातून का होत नव्हतं? तुम्ही दोन स्पर्शांमध्ये थोडा वेळ जावा म्हणून एक छोटी अट घातलीय, पण ती बोट टेकवल्याच्या आणि उचलल्याच्या दोन्ही इव्हेंटवर चालते. माझं बोट पटकन उचललं जातं, म्हणून सगळे इव्हेंट त्या मुदतीत बसतात आणि जादाचे गाळले जातात. काकूंचं बोट रेंगाळतं, उचलताना मुदत संपलेली असते, आणि दुसरं पाऊल पडतं.

दोन्ही ऐकणं थांबवा. इनपुट मॅपमध्ये (कुठलं बटण काय करेल याच्या यादीत) "पुढे" नावाची एकच ॲक्शन करा, तिला माउसचं डावं बटण आणि स्पेसबार जोडा, आणि टचसाठी वेगळा कोड पूर्ण काढून टाका. नकली क्लिक आपोआप ते काम करेल. आणि संवाद पुढे न्यायचा तो बोट उचलल्यावरच. म्हाताऱ्या माणसांची, कष्टाच्या हातांची बोटं पडद्यावर जास्त वेळ राहतात. ज्या आजीची गोष्ट तुम्ही सांगताय, तिच्या वयाच्या बाईला हा गेम खेळता यायलाच हवा.

आजीच्या चालीबद्दल. तुम्ही प्रत्येक फ्रेमला तिला ०.८ पिक्सेल पुढे सरकवता. लॅबच्या ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या, पडद्यावर ते सेकंदाला ४८ पिक्सेल होतात, म्हणजे ९६० पिक्सेलचा फलाट पार करायला २० सेकंद. ती २० सेकंदं तुम्ही फार विचार करून ठरवली असणार, कारण तेवढ्या वेळात शेजारून तीन माणसं घाईने निघून जातात आणि खेळणाऱ्याला आपण मागे पडतोय हे जाणवतं. हल्लीच्या बऱ्याच फोनचा पडदा १२० हर्ट्झचा असतो. तिथे तोच फलाट १० सेकंदांत संपतो आणि आजी त्या तिघांच्या पुढे जाते. उलट एखाद्या दमलेल्या जुन्या फोनवर २५ फ्रेम मिळाल्या तर ४८ सेकंदं लागतात, आणि खेळणारा कंटाळून फोन ठेवून देतो. पायांचं ॲनिमेशन मात्र वेळेवर चालतं, फ्रेमवर नाही. म्हणून वेगवान फोनवर पाय सावकाश पडतात आणि अंग पुढे घसरत जातं.

चाल फिजिक्स प्रोसेसमध्ये, म्हणजे पडदा कसाही असला तरी ठरावीक वेळाने चालणाऱ्या कोडमध्ये, न्या. वेग "सेकंदाला ४८" असा लिहा आणि पात्र सरकवणारं मूव्ह अँड स्लाइड हे फंक्शन वापरा. इथे एक जुनी चूक पुष्कळ जण करतात: मूव्ह अँड स्लाइड डेल्टाचा (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाचा) हिशेब स्वतःच करतं, तरी वेगाला पुन्हा डेल्टाने गुणतात, मग पात्र जागचं हलत नाही, मग वेग हजारात लिहितात. तसं करू नका. फिजिक्स सेकंदाला ६० वेळा चालतं, त्यामुळे १२० हर्ट्झच्या पडद्यावर चाल किंचित अडखळती दिसेल. गोडो ४.३ पासून टू-डीसाठी फिजिक्स इंटरपोलेशन (दोन टप्प्यांमधली जागा भरून चाल गुळगुळीत करणं) आलंय, ते चालू करा. कॅमेरा आजीच्या मागे सरकतो तिथे तुम्ही दर फ्रेमला दहा टक्के अंतर कापताय, तोही याच रोगाचा भाग आहे. तिथे ०.१ च्या जागी एक वजा एक्स्पोनेन्शियल (वजा ठरावीक आकडा गुणिले डेल्टा) लिहा, म्हणजे सगळ्या पडद्यांवर कॅमेरा सारखाच रेंगाळेल.

हळू चालवणं धोक्याचं आहे, लोक सोडून जातील, असं तुमच्या सरांनी सांगितलं म्हणे. मला तसं वाटत नाही. २०१४ साली आलेल्या 'दिस वॉर ऑफ माइन' या युद्धात अडकलेल्या सामान्य माणसांच्या गेममध्ये जखमी माणसं संथ चालतात, आणि ती संथ चाल खेळणाऱ्याला त्यांची अवस्था शब्दांशिवाय सांगते. संथपणा ठरवून दिलेला असेल तर लोक थांबतात. फोन अडकल्यामुळे आलेला असेल तर थांबत नाहीत, आणि हा फरक त्यांच्या बोटांना लगेच कळतो.

अक्षरांचे चौकोन. हा बग दिसायला मोठा, सोडवायला छोटा, पण तुमच्या गेमच्या काळजाजवळचा आहे. लॅबच्या संगणकावर देवनागरी आणि कानडी दोन्ही दिसतात, कारण तुमच्या फॉन्टात ती अक्षरं नसली तरी गोडो गुपचूप विंडोजचा फॉन्ट उसना घेतं. ब्राउझरमध्ये अशी उसनवारी चालत नाही. जो फॉन्ट गेमबरोबर पाठवला तेवढाच. म्हणून नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स कन्नड हे दोन्ही फॉन्ट प्रोजेक्टमध्ये ठेवा. दोन्ही मोफत आहेत, वाटायला परवानगी आहे. तुमच्या मुख्य फॉन्टच्या फॉलबॅकमध्ये (त्यात अक्षर नसलं तर वापरायच्या फॉन्टांच्या यादीत) त्यांना जोडा. मग मुद्दाम "अलाउ सिस्टम फॉलबॅक" बंद करून लॅबमध्येच गेम चालवा. जे चौकोन ब्राउझरमध्ये दिसणार ते आधी तुमच्यासमोर येतील.

काळजाजवळचा का म्हणतो? पाटीवर कानडी अक्षरं दिसली आणि खेळणाऱ्याला ती लागली नाहीत, तर तो म्हणतो, मला वाचता येत नाही. चौकोन दिसले तर तो म्हणतो, गेमला दाखवता येत नाही. पहिल्या वेळी तो आजीच्या जागी असतो, दुसऱ्या वेळी दुकानात बिघडलेला माल परत द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या जागी. तुमचा सगळा गेम या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत उभा आहे.

यातून तुम्ही न विचारलेला एक प्रश्न निघतो. तुमचे बहुतेक खेळणारे बेळगाव, निपाणी, खानापूरचे. त्यांनी शाळेत कानडी शिकलेली आहे. बसस्थानकाची पाटी ते चालता चालता वाचतात आणि थेट योग्य फलाटावर जातात. त्यांच्यासाठी आजीची अडचण कधी सुरूच होत नाही. सुरुवातीला एकदाच विचारा, "यातली कुठली लिपी तुम्हाला वाचता येत नाही?" आणि चार पर्याय द्या: कन्नड, मल्याळम, उडिया, देवनागरी. मग पाट्या त्या लिपीत दाखवा. पाट्या मोजक्याच, चौदा-पंधरा आहेत. त्यासाठी आणखी फॉन्ट भरू नका, चित्रं करून लावा. पण त्यांवरचे शब्द खरे असू द्या, ती भाषा येणाऱ्याकडून तपासून घ्या. वाटेल तशी अक्षरं फेकून केलेली पाटी त्या लिपीच्या माणसाचा अपमान करते. शिवाय देवनागरी न वाचता येणारा हुक्केरी-गोकाकचा कानडी मुलगा खेळला तर त्यालाही आजीची जागा मिळेल, ही मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. या भागात लिपीवरून पुष्कळ भांडून झालंय. इथल्या दोन्हीकडच्या पोरांना न वाचता येणाऱ्या पाटीखाली एकदा उभं करणारा गेम मी तरी दुसरा पाहिला नाही.

मजकुराबद्दलच आणखी दोन गोष्टी. अक्षरं एकेक करून उमटतात तो परिणाम छान आहे, पण "खिशात" लिहिताना आधी ख येतो, मग त्याच्या आधी वेलांटी घुसते आणि ख उजवीकडे ढकलला जातो. "डॉक्टर" लिहिताना पाय मोडलेला क क्षणभर दिसतो आणि मग ट ला चिकटतो. आजीचं प्रत्येक वाक्य असं थरथरतं. लेबलमध्ये "व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेविअर" नावाची सेटिंग आहे. ती मुळात "बिफोर शेपिंग"वर असते, "आफ्टर शेपिंग"वर न्या. मग पूर्ण जुळलेली ओळ आधी तयार होते आणि नंतर उलगडते.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. आजी म्हणते, "दऱ्या ओलांडून आले बाळा." गेममध्ये दिसतं, "दर्या ओलांडून आले बाळा." कणकुंबीकडच्या डोंगरातून आलेली बाई समुद्र ओलांडून आल्यासारखी झाली. फोनवरून चिकटवलेल्या मजकुरात अदृश्य कचरा येतो म्हणून तुम्ही एक स्क्रिप्ट लिहिलीय, ती सगळी शून्य रुंदीची अक्षरं काढून टाकते. मराठीतला "ऱ्य" दोन प्रकारे टाइप होतो. एकात खास ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडणारं अक्षर. तुमची स्क्रिप्ट त्या दुसऱ्या प्रकाराचा जीव घेते. मी स्वतः हेच काही वर्षांपूर्वी एका कामात केलं होतं. लग्नाच्या जेवणाची गोष्ट होती, आणि "आचाऱ्यांना वाढा"चं सगळीकडे "आचार्यांना वाढा" झालं होतं. ते मी नाही, एका सातवीतल्या मुलीने पकडलं. आधी सगळा मजकूर खास ऱ मध्ये बदलून घ्या आणि मगच सफाई करा. कानडी मजकुराला ही स्क्रिप्ट लावूच नका, तिथेही ते अदृश्य अक्षर अर्थ धरून असतं.

कंडक्टरच्या काही ओळी फाइलीत नुसतीच इंग्रजी चिन्हं म्हणून आल्यात, त्या बहुधा कुणीतरी जुन्या, युनिकोड नसलेल्या कानडी फॉन्टात टाइप केल्या. त्या पुन्हा युनिकोडमध्ये टाइप करून घ्या, दुरुस्त करत बसू नका. प्रश्नचिन्हं झालेल्या ओळी एक्सेलच्या सेव्हमुळे. संवादांची सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल नेहमी यूटीएफ-८ या युनिकोडच्या प्रकारात, बीओएमशिवाय (सुरुवातीच्या अदृश्य खुणेशिवाय) सेव्ह करा.

आता नातू. सेव्ह करून परत आलं की तो बोलत नाही, पण "कधी बोलतो, कधी नाही" असंही तुम्ही लिहिलंय, आणि तोच धागा मला उपयोगी पडला. आजीने सकाळी त्याला काय सांगितलं ते तुम्ही आकड्याने ठेवता: १ म्हणजे खरं सांगितलं, २ म्हणजे लपवलं, ३ म्हणजे काहीच बोलली नाही. सेव्ह होतं जेसॉन नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत. गोडो जेसॉन वाचताना सगळे आकडे दशांशाचे करून देतं, ३ लिहिलेला ३.० होऊन परत येतो. जिथे तुम्ही "इफ" आणि दोन बरोबर लावून तपासता तिथे ३ आणि ३.० सारखेच ठरतात, म्हणून तिथे नातू बोलतो. जिथे "मॅच" (किमतीनुसार कोडची फांदी निवडणारं) वापरलंय तिथे प्रकारही जुळावा लागतो, ३.० हा ३ ला जुळत नाही, कुठलीच फांदी लागत नाही, आणि नातू गप्प.

लोड करताना आकड्यांना पुन्हा पूर्णांक केलं की हे मिटेल. पण मी सांगेन, आकडेच काढा. "खरं_सांगितलं", "लपवलं", "गप्प_राहिली" असे शब्द साठवा. सहा महिन्यांनी फाइल उघडाल तेव्हा तुम्हालाही कळेल आजीने काय केलं होतं. आणि प्रत्येक मॅचच्या शेवटी एक "बाकी सगळं" अशी फांदी ठेवून तिथे एरर छापा. गप्प बसणारा कोड शोधायला फार वेळ जातो.

आजीला ऐकू कमी येतं, ते लॅपटॉपवर फार सुंदर जमलंय: स्थानकाचा कलकलाट लांबून, पाण्याखालून आल्यासारखा. ब्राउझरमध्ये मात्र तिचे कान धडधाकट होतात. कारण ४.३ पासून वेबवर आवाज "सॅम्पल" पद्धतीने वाजतात, आणि त्या पद्धतीत ऑडिओ बसवरचे (आवाज ज्या वाहिनीतून जातो तिच्यावरचे) इफेक्ट लागत नाहीत. तुमचा लो-पास फिल्टर (उंच सूर गाळणारा) तिथे नुसता शोभेला आहे. त्या प्लेअरचा प्लेबॅक टाइप "स्ट्रीम" करता येतो, पण कमकुवत फोनवर आवाज तडतडेल. त्यापेक्षा ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच आवाज फिल्टर लावून वेगळा काढून घ्या, दोन्ही एकदम सुरू करा आणि फक्त त्यांची पातळी खालीवर करा. ते कुठेही चालेल. आवाज अजिबात येत नाही ही तक्रार वेगळी: ब्राउझर पहिल्या स्पर्शाआधी आवाज वाजू देत नाही. "सुरू करा" असा पहिला पडदा ठेवा, झालं. स्थानकाचा चार मिनिटांचा आवाज डब्ल्यूएव्हीमध्ये आहे, तो स्टीरिओत मिनिटाला दहा एमबीच्या आसपास जातो. ऑग व्हॉर्बिस या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात न्या, मोनो करा. खेड्यातल्या नेटवर गेम उघडण्याचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

मोतीबिंदूसाठी तुम्ही पूर्ण पडद्यावर ब्लर लावलाय, प्रत्येक पिक्सेलला ९ गुणिले ९, म्हणजे ८१ वेळा चित्र वाचलं जातं. फोन तापतो तो यानेच. आडवा आणि उभा असे दोन फेरे केले तर १८ वाचनांत काम होतं, आणि निम्म्या रुंदी-उंचीवर केलं तर पिक्सेलही एक चतुर्थांश. पण त्याआधी ज्यांना मोतीबिंदू झालाय अशा कुणाशी तरी बोला. नुसतं धूसर दिसणं एवढंच नसतं ते. रंग फिकट आणि पिवळट होतात, आणि दिव्यांभोवती, उन्हाभोवती झळाळी पसरते. माझ्या आईला ऑपरेशनआधी समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे नकोसे व्हायचे. तर ब्लर थोडाच ठेवा, त्यावर एक पिवळसर पातळ थर द्या आणि दिव्यांवर झळाळीची साधी चित्रं लावा. हे खरंही आहे आणि फोनला हलकंही. संवादाची चौकट वेगळ्या कॅनव्हास लेयरवर ठेवा, म्हणजे तीही धूसर होणार नाही. आणि हा परिणाम बंद करण्याची सोय द्या, काहींना त्याने गरगरतं.

कोपऱ्यातला "सहानुभूती" मीटर उणे आकड्यात जातो, त्याला ० ते १०० मध्ये बांधून ठेवता (क्लँप करता) येईल. माझं मत विचाराल तर तो काढूनच टाका. मीटर दिसला की माणूस आजीकडे बघायचं सोडून मीटरकडे बघतो.

शेवटचं, परतीची गाडी. तुम्ही विचारलंय की खेळताना कुणाचा फोन आला आणि परत येईपर्यंत गाडी सुटली, तर तो बग मानायचा की "आयुष्यात असंच होतं" म्हणून ठेवायचा. तो बग आहे, काढा. गाडीची वेळ तुम्ही यंत्राच्या घड्याळावर मोजता, म्हणून गेम मागे गेला तरी वेळ चालूच राहते. आजी फलाट शोधताना चुकली, कुणाला विचारायला लाजली, म्हणून गाडी सुटली तर ते तिचं दुःख आहे आणि खेळणारा ते आपलं मानेल. खेळणाऱ्याला त्याच्या साहेबाचा फोन आला म्हणून सुटली, तर त्यात आजी कुठेच नाही. वेळ डेल्टा जमवत मोजा किंवा टायमर नोड वापरा, म्हणजे गेम थांबला की गाडीही थांबेल.

हे केल्यावर अशी तपासणी करा: आजीला फलाटापाशी आणा, दुसऱ्या फोनवरून त्या फोनला कॉल लावा, दोन मिनिटं बोला, मग गेममध्ये परत या. कंडक्टर अजून दारात उभा असेल आणि त्याचं वाक्य पूर्ण दिसत असेल, तर गेमची ती आवृत्ती (बिल्ड) मला पाठवा. मी काकूंना पुन्हा खेळायला देतो.